निवडून काढलेले दाणे

कुसाबाईंच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून घरातला तांदूळ त्यांच्याच ताब्यात होता. दुपारी नात, आरोही, झोपली की त्या सूप मांडीवर घेऊन दारात उजेडाला बसायच्या. रेशनच्या तांदळात काही दाणे वेगळे असायचे. जरा पिवळट, जरा जाड, साच्यातून काढल्यासारखे. ते एकेक वेचून त्या डब्यात टाकायच्या.

"प्लास्टिक हाय गं हे," त्या सुनेला, निकिताला सांगायच्या. "पाण्यात टाकलं की वर येतंय. नातीच्या पोटात जाऊ देते होय मी! पाखरांना बी नाय टाकायची."

निकितालाही ते पटलं होतं. शेखरने, तिच्या नवऱ्याने, कंपनीतल्या ग्रुपवर आलेला व्हिडिओ दाखवला होता. त्यात एकजण भाताचा चेंडू करून फरशीवर उसळवत होता. तेव्हापासून तीही सासूशेजारी बसून निवडायची. एरवी दोघींचं मिठावरूनही वाजायचं, पण सुपाभोवती एकमत.

मग आरोहीचे ओठ पांढुरके दिसायला लागले. अडीच वर्षांची पोर, जिन्याच्या दुसऱ्याच पायरीवर हात वर करून "उचल" म्हणायची. दवाखान्यात रक्त तपासलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्त कमी आहे, थेंब देते, पण जेवणातूनही लोह जायला हवं. थेंब आरोही निम्मे ओकून टाकायची. म्हणून निकिता खजूर भरवायची, नाचणीचं सत्त्व भरवायची, आणि निवडून निवडून स्वच्छ केलेल्या तांदळाचा भात.

शेखरची दुसरी पाळी असली की सकाळी मुलीला त्याच्याकडे देऊन ती इंग्रजीच्या क्लासला जायची. बोलता आलं तर एखाद्या दवाखान्याच्या काउंटरवर काम मिळेल, एवढंच मनात. त्या दिवशी मनाली मॅडमनी फळ्यावर 'फोर्टिफाय' लिहिलं.

"म्हणजे मजबूत करणं. पण वाटेल तिथे चिकटवायचं नाही हं. किल्ल्याला तटबंदी घातली, फोर्टिफाय. इंटरव्ह्यूच्या आधी कडक चहा घेऊन मनाला धीर दिला, तेही फोर्टिफाय. खाण्याच्या जिनसेत जीवनसत्त्वं मिसळली, तेही. पण पडकी भिंत लिंपली तर नाही, ते रिपेअर. चला, वाक्यं करा."

"मॅडम, आय फोर्टिफाइड रामशेज," मागून संजना म्हणाली.

"एकटीने? शाब्बास. गवंडी तरी घ्यायचास बरोबर." वर्ग हसला. "अगं, रोजचं सांगा काहीतरी. रेशनचा तांदूळ घ्या. गोणीवर लिहिलेलं असतं बघा, फोर्टिफाइड. तांदळाच्या पिठात लोह कालवून मशीनमधून दाणे काढतात आणि तांदळात मिसळतात."

"ते प्लास्टिकचे?" निकिताच्या तोंडून निघून गेलं.

"प्लास्टिक कसलं! लोक तेवढेच वेचून फेकतात. काय म्हणावं!"



निकिता क्लासातून बाहेर पडली तर डोकं नुसतं भणभणत होतं. मॅडम इंग्रजीच्या, त्यांना तांदळातलं काय कळणार? पण गोणीवर लिहिलंय म्हणतात. गोणी कुणी बघितलीय, आपल्या हातात पिशवी येते. ती रेशनच्या दुकानात गेली. "वरून आलं ते देतो ताई," दुकानदार म्हणाला. "खाऊन अजून कोणी तक्रार घेऊन आलं नाही." दवाखान्यात डॉक्टरीणबाई निघून गेल्या होत्या. नर्सने कापूस फाडता फाडता "हो हो, चांगला असतो, द्या" म्हटलं, पण मान वर केली नाही. हे उत्तर की कटवणं?

घरी शेखर डबा घेऊन निघतच होता.

"अहो, तो चेंडूचा व्हिडिओ खरा होता का?"

"मला काय माहीत? ग्रुपवर आला, दाखवला. मी काय शूटिंगला गेलो होतो?" आणि तो गेला.

आरोही झोपली होती. निकिता तिच्या ओठांकडे बघत राहिली. मॅडमचं खरं असेल, तर या लेकराच्या ताटातलं लोह आपणच रोज वेचून काढत होतो, तेही मायेने. आणि खोटं असेल तर? आणि आईंना सांगायचं कसं?

तिने पिशवीतला न निवडलेला तांदूळ मूठभर घेतला. धुताना वर तरंगणारे दाणे पाण्याबरोबर जाऊ नयेत म्हणून बोटं आडवी धरली. भात शिजवला आणि ओट्याशी उभ्यानेच पहिला घास घेतला.

"अवेळी काय खातेस गं?" कुसाबाई मागे उभ्या.

निकिताने सगळं सांगून टाकलं. म्हातारी खालीच बसली.

"म्हंजे मी पोरीच्या तोंडचं काढलं?"

"आई, मीपण बसत होते ना शेजारी."

"आन तुझी मॅडम चुकत असली तर?"

"मला नाही माहीत. खरंच, मला काहीच कळत नाहीये."

कुसाबाईंनी तिच्या हातातलं पातेलं ओढून घेतलं. "आण हिकडं. माझं वय झालंय. मला काय व्हायचं ते होऊ दे आधी. दिवस मावळेपर्यंत बघ, मग पोरीला दे." आणि मीठ लावून त्यांनी सगळा भात संपवला.

दुपारभर त्या दारात बसून राहिल्या. निकिता कपडे वाळत घालताना विचारायची, भांडी लावताना विचारायची, "आई, काही होतंय का?"

"होतंय. गुडघे ठणकतायत. पर ते कालबी ठणकत व्हते."

दिवे लागले. आरोही भुकेने किरकिरायला लागली. निकिताने पुन्हा तसाच, न निवडता भात लावला. कुसाबाईंनी नातीला मांडीवर घेऊन वरणभात कालवला. बोटं सवयीने ताटात फिरायला लागली. दिव्याखाली ताट धरून त्यांनी वाकून पाहिलं.

"कुठं गेले गं ते? समदी शितं सारखीच दिसत्यात."

निकिताही वाकली. तिलाही ओळखता येईना.

"देऊ का मग?"

"मला नका विचारू ना आई."

आरोहीने केव्हाच आ केला होता. कुसाबाईंनी घास भरवला, आणि तो गिळला जाईपर्यंत निकिताने श्वास सोडला नाही.

"अजून," आरोही म्हणाली.