रक्त बघवत नाही

कटर काचेवरून फिरला, मध्येच अडखळला आणि पुन्हा त्याच रेघेवरून गेला. टेबलाकडे पाठ करून चौकटीला बारीक खिळे ठोकणाऱ्या तिने हातोडी वरच्या वर थांबवली. आता फुटणार, असं तिने मनात म्हणेपर्यंत काच फुटली.

"मालच खराब आलाय," नवरा म्हणाला.

सकाळपासूनची ही चौथी. माल चांगला होता. एका दमात एकच रेघ मारायची, तिच्यावरून पुन्हा जायचं नाही, हा काच कापण्याचा पहिला धडा. पण दोन महिन्यांपासून नवऱ्याचं मनगट ऐन वेळी दगा देत होतं. तिला ते नुसत्या आवाजावरून कळायचं. चोवीस वर्षं त्या टेबलाकडे पाठ करून बसल्यावर कान तयार होणारच. ती बोलली मात्र नाही. काच त्याची, खिळे आणि पुठ्ठे तिचे, अशी या फोटोफ्रेमच्या दुकानाची वाटणी होती.

वाटणीला कारण होतं. दुकान नवं असताना तिनेही हौसेने कटर हातात घेतला होता. पहिल्याच काचेची कड अंगठ्यात घुसली, रक्त आलं आणि बाईसाहेब धाडकन खाली. नवऱ्याने तोंडावर पाणी मारलं, कटर काढून घेतला आणि तेव्हापासून येईल त्याला सांगितलं, की हिला रक्त बघवत नाही. सांगण्यात कौतुकच असायचं. पुढे तीही तसंच सांगायला लागली. लेकीचे फुटलेले गुडघे तिनेच धुतले होते, सासूबाईंच्या ऑपरेशननंतर रोजचं ड्रेसिंगही तिनेच केलं होतं. पण ते कुणी धरलंच नाही. तिनेही नाही.

टेबलावर अकरा माजी मुख्याध्यापक काचेवाचून उताणे पडले होते. उद्या सकाळी त्यांना शाळेच्या सभागृहात भिंतीवर चढायचं होतं. "एवढं काम उरकलं की दुकान देऊन टाकू," असं नवरा काल जेवताना म्हणाला होता, आणि त्यानंतर दोघांनाही घास गेला नव्हता.

लेक चार दिवस राहायला आली होती. तिला दिवस गेले होते; तिसरा महिना लागायचा होता. रिकामं बसवत नाही म्हणून ती आईला पुठ्ठे कापून देत होती. सुरीचं टोक बोटाला लागलं, थेंबभर रक्त आलं आणि पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. आईने हातोडी टाकून तिला सावरलं, खुर्चीत बसवलं, बोट फडक्यात दाबून धरलं.

"गेली आईवर," नवरा म्हणाला. "हिलाही रक्त बघवत नाही."

"रक्ताचं काही नाही हो बाबा," लेक डोळे मिटूनच म्हणाली. "परवा बसमध्ये नुसती उभी होते, तरी अशीच पडले. डॉक्टर म्हणाल्या, पहिल्या महिन्यांत होतं असं. काहीतरी खाऊन बाहेर पडत जा म्हणाल्या."

आई तशीच वाकून उभी राहिली. बोट दाबून धरलेला हात तिने सोडला नाही.

"अहो, मी इथे पडले होते ते कधी?"

"दुकान उघडलं त्याच महिन्यात. का गं?"

"आणि ही कधी झाली?"

"सात महिने झाले होते दुकानाला," तो सहज म्हणाला, आणि मग हातातला कटर त्याने खाली ठेवला.

लेकीने डोळे उघडले. "म्हणजे तेव्हा मी होते?"

"होतीस," आई म्हणाली.

दिवस गेल्याचं कळलं ते त्या पडण्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी. तोवर रक्ताची गोष्ट गल्लीभर सांगून झाली होती, आणि त्या आनंदात मागे जाऊन दोन्हीचा मेळ घालायला सवड होती कुणाला? तिला आधी हसूच आलं. हसण्यापाठोपाठ राग आला, आणि तो कुणावर काढावा तेच कळेना. नवऱ्यावर काढावा, तर त्याने जपलंच होतं. स्वतःवर काढावा, तर चोवीस वर्षं काही परत येणार नव्हती.

तिने फडकं बाजूला करून लेकीचं बोट नीट पाहिलं. रक्त थांबलं होतं. मग ती टेबलापाशी गेली.

"सरका जरा."

"अगं, उद्या द्यायचंय हे. आता ही शिकायची वेळ आहे का?"

"मग कधी शिकू? दुकान दिल्यावर?"

तो सरकला. तिने पट्टी लावली, कटर रॉकेलात बुडवला आणि हात फिरवला. आवाज सुरेख आला, शेवटपर्यंत एकसारखा. पण रेघेवरून काच तोडताना तिने घाई केली की कच खाल्ली कोण जाणे, टोकाशी काच तिरकी गेली आणि कोपरा उडाला.

तिने तुकडा उचलून डब्यात टाकला. आत्ताआत्तापर्यंतचा ताठा गळून गेला आणि तोंडातून तेच ओळखीचं निघालं.

"मला नाही जमायचं बहुतेक."

नवऱ्याने मांडणीतून नवी काच काढली. दुखरं मनगट सांभाळत ती दोन्ही बाजूंनी पुसली आणि तिच्यापुढे ठेवली.

"सुरुवातीला माझ्या किती फुटल्या, माहितीये?"

"किती?"

"मला तरी कुठे माहितीये? माझ्या मोजत कोण होतं?"

मग तिने काचेवर पट्टी ठेवली आणि लेकीला दिवा जरा अलीकडे ओढायला सांगितलं.