वासाला मनाई नव्हती

आम्ही मेक्सिकन लोक संपात उतरलो ते आठवडाभर उशिरा. आधी उतरले फिलिपिनो म्हातारे. द्राक्षाच्या मळ्यांत उभी हयात घालवलेले, बिनलग्नाचे, मालकाच्या कॅम्पात एका लांबट खोलीत ओळीनं खाटा टाकून राहणारे. मजुरी वाढवा म्हणाले आणि ऐन तोडणीत कात्र्या खाली ठेवून बसले. मालकांनी कॅम्पातला गॅस बंद केला, नळ बंद केले, तरी हे हलेनात, तेव्हा त्यांच्या वळकट्या रस्त्यावर फेकल्या. मग सगळे गावातल्या त्यांच्या सभागृहात येऊन राहिले. मागच्या बाजूला एक स्वयंपाकघर होतं. तिथंच सगळ्यांचा भात शिजायचा.

आमच्या लोकांनीही चर्चच्या हॉलमध्ये हात वर करून संप ठरवला. दुसऱ्या दिवशी माझी कूका मावशी पिठाची गोणी आणि लोखंडी तवा घेऊन माझ्या दारात उभी. तिचं खरं नाव रेफुहियो, पण त्या नावानं फक्त पाद्रीबाबा हाक मारायचे. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलं लॉस एंजेलिसला. आवाज असा की दोन मळे पलीकडे ऐकू जावा.

"अंपारो, चल. संपवाल्यांना जेवायला घालायचंय."

"मावशी, तिकडे आधीच कोणीतरी रांधतंय."

"पुरुष रांधतायत. त्याला रांधणं म्हणत नाहीत."

स्वयंपाकघरात उर्बानो होता. सडपातळ, केस तेल लावून चापून बसवलेले, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. कॅम्पात कितीतरी वर्षं त्यानंच सगळ्या टोळीला जेवू घातलं होतं. सगळे त्याला मानोंग म्हणत, म्हणजे दादा. शेगडी एकच, चार चुलींची, आणि चारही चुलींवर पातेली.

मावशी म्हणाली, "अहो, ते भाताचं पातेलं उतरवा. तवा ठेवायचाय."

"भात शिजतोय."

"दिसतंय मला. उतरणार कधी?"

"शिजला की."

"आणि शिजल्यावर?"

"दुसरा चढेल."

मावशीनं कमरेवर हात ठेवले. मी मनात म्हटलं, संप इथंच मोडतोय. पण तिनं मागच्या अंगणात चार विटा मांडल्या, द्राक्षाच्या वाळक्या काटक्या पेटवल्या आणि तोर्तिया, म्हणजे आमच्या पातळ पोळ्या, भाजायला बसली. घटकाभरानं उर्बानो दारात आला. एक तोर्तिया उचलली, उलटीपालटी करून पाहिली, भात आणि सुकी मासळी घालून गुंडाळली आणि तिथंच उभ्यानं खाल्ली. मग आत गेला आणि एक चूल रिकामी करून आला.

"ती डावीकडची तुमची," तो म्हणाला. "बाकीच्यांना हात लावायचा नाही."

दुसऱ्या दिवशी त्यानं कारली केली. आमच्या पोरांनी थू थू करत ताटं सरकवली, बायका एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. उर्बानो पाठमोरा होऊन पातेलं घासत राहिला. मावशीच्या ते लक्षात आलं. तिनं ताट भरून कारली घेतली, त्याच्यासमोर बसली आणि शेवटच्या फोडीपर्यंत खाल्ली.

"कडू आहे," ती म्हणाली.

"औषध आहे."

"मी आजारी नाही."

"आता पडणारही नाही."

हळूहळू त्यांचं जमत गेलं. तोडकं इंग्रजी, आमचं स्पॅनिश आणि हातवारे. पण चमच्याला, टेबलाला, कढईला त्याच्या भाषेतले शब्द आमच्यासारखेच निघाले. एकाच स्पॅनिश राजानं दोन्हीकडे राज्य केलेलं, त्याचा एवढा तरी उपयोग झाला, असं मावशी म्हणायची.

एकदा कांदे चिरताना तिनं सरळ विचारलं, "मानोंग, लग्न का नाही केलंत?"

"कोणाशी करणार? आमच्या बायकांना मालकांनी बोटीवर घेतलंच नाही. त्यांना नुसते हात हवे होते. आणि इथं कायदा होता, आम्ही गोऱ्या बाईशी लग्न करायचं नाही."

"मग आमच्यातली करायची."

"तुम्ही कागदावर गोऱ्या."

मावशीनं सुरी खाली ठेवली. स्वतःच्या मातकट हाताकडे बघितलं आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "मी? गोरी? अगं अंपारो, जा, मालकाला सांग! गोऱ्या बाईचा पगार द्या म्हणावं!"

उर्बानोही हसला. मग कांदा चिरता चिरता म्हणाला, "एक होती. तुमच्यातलीच. दोघं कचेरीत गेलो होतो. कारकुनानं तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि खिडकी लावून घेतली. दुसऱ्या राज्यात जाऊन लग्न करता यायचं. पण तेवढं भाडं जमेपर्यंत ती थांबली नाही."

त्याच्या पुढ्यातले कांदे मावशीनं आपल्याकडे ओढून घेतले.

तोडणीचे दिवस संपले. थंडी पडली, आमच्या खोऱ्यातलं ते दाट धुकं उतरलं आणि छाटणीचा हंगाम आला. मालकांनी बाहेरून माणसं आणायला सुरुवात केली. त्याहून वाईट म्हणजे उर्बानोची जुनी टोळी कामावर परत गेली. टोळीचा म्होरक्या तेओफिलो, उर्बानोचा तरुणपणापासूनचा सोबती, एका बोटीतून आलेला. मुकादमानं त्यांना सांगितलं होतं, कॅम्प उघडा आहे, खाटा तशाच आहेत, या. सभागृहाच्या फरशीवर म्हाताऱ्यांच्या कमरा धरल्या होत्या. ते गेले.

आम्ही मळ्याच्या कडेला उभं राहून हाका मारायचो. "उएल्गा! उएल्गा!" संप, संप. धुक्यात माणसं दिसायची नाहीत, नुसत्या कात्र्यांचा कटकट आवाज. काही लोक शिव्याही द्यायचे, फितूर म्हणायचे. उर्बानो मात्र गप्प उभा राहायचा. मग न्यायाधीशाचा हुकूम आला, मळ्याजवळ ओरडायचं नाही, कर्णा वापरायचा नाही, ठरावीक माणसांपेक्षा जास्त उभं राहायचं नाही. तोंडंच शिवली.

त्या दिवशी स्वयंपाकघरात सगळे मान खाली घालून बसले होते. कोणीतरी म्हणालं, "त्या म्हाताऱ्यांना लाजच नाही."

उर्बानो एकदम उसळला. "लाज काढू नका त्यांची! तेओफिलोला झोपायला जागा नाही, म्हणून गेला. नव्या आचाऱ्यानं त्यांना काल डब्यातलं थंड मांस वाढलं. मला निरोप आला. त्याला पोटाचा त्रास आहे, त्याला ते पचत नाही."

मावशीनं वर बघितलं. "निरोप आला? जेवणाबद्दल?"

"तीन जणांचा."

"हुकुमात काय काय मना आहे? पुन्हा वाचा कोणीतरी."

वाचून दाखवलं. ओरडणं, कर्णा, गर्दी.

"वासाला मनाई आहे?"

कोणाला कळेना. उर्बानोला कळलं. पण तो लगेच हसला नाही. "कूका," तो म्हणाला, पहिल्यांदाच नावानं, "जेवून ते बाहेर येतील. आणि झोपतील कुठं?"

त्या संध्याकाळी मावशी मला घेऊन आमच्या वस्तीत दारोदार फिरली. तुमची पुढची खोली कोण वापरतं? पोरं एका खाटेवर मावतील ना? एक म्हातारा ठेवून घ्या, जागा फार लागत नाही, कपडे स्वतः धुतो, भाजी लावतो. मला विचारलंच नाही, माझ्यासमोरच शेजारणीला सांगितलं, "अंपारोकडे एक जातोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शेगडी, गॅसची टाकी आणि दोन मोठ्या कढया एका उघड्या ट्रकवर चढवल्या आणि मळ्याच्या कडेच्या सरकारी रस्त्यावर नेऊन लावल्या. धुकं इतकं की वेलींची दुसरी ओळ दिसत नव्हती. उर्बानोनं तेलात लसूण टाकला. मग डुकराचं मांस, व्हिनेगर, मिरी, तमालपत्र. शेजारच्या चुलीवर शिळा भात लसणात परतला. मावशी तवा मांडून बसली. वारा नव्हता, आणि धुक्यात वास वर जात नाही. जमिनीलगत पसरत जातो, वेलींच्या ओळींतून सरपटत.

शेरीफचा एक पोलीस गाडीतून उतरला. "काय चाललंय?"

"स्वयंपाक," मावशी म्हणाली.

"कोणासाठी?"

"ज्याला भूक असेल त्याच्यासाठी. तुम्ही जेवलात?"

त्यानं कढईकडे बघितलं, आवंढा गिळला, खिशातला हुकूम काढून वरपासून खालपर्यंत वाचला. बराच वेळ वाचत राहिला. शेवटी म्हणाला, "ट्रक डांबरावरून खाली घ्या. रहदारीला अडथळा होतोय." आणि गाडीत जाऊन काच वर करून बसला.

मळ्यातली कटकट चालू होती. मग ती विरळ झाली. एक कात्री थांबली, दुसरी थांबली. मुकादमाचा आवाज आला, "कामाला लागा!" कात्र्या पुन्हा वाजल्या नाहीत.

धुक्यातून आधी टोपी दिसली, मग तेओफिलो. कात्री हातातच होती. रस्त्याच्या अलीकडे, वेलींच्या शेवटच्या खांबाशी तो थांबला. मागं आणखी माणसं, हळूहळू उमटत गेली.

"लसूण करपवलास," तेओफिलो म्हणाला.

"नाही करपला," उर्बानो म्हणाला. "तुझं नाक बिघडलंय. डबे खाऊन."

"पोट भरशील रे तू. रात्री पाठ कुठं टेकू?"

उर्बानोनं मावशीकडे बघितलं. मावशी तव्यावरून उठली, ॲप्रन झटकला आणि खांबापाशी गेली.

"तुम्ही तेओफिलो ना? ती माझी भाची, अंपारो. तिच्या घरी पुढची खोली झाडून ठेवलीय. खाटेवर गादी आहे. बाकीच्यांचीही घरं ठरलीत, मी एकेक सांगते. सभागृहाच्या फरशीवर कोणी झोपायचं नाही, आणि कॅम्पातही नाही. आता या. तोर्तिया गार होतायत."

तेओफिलोनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यानं कात्री खांबावर टांगली, नीट, हत्यार जपणारा माणूस टांगतो तशी, आणि रस्त्यावर आला. त्याच्या मागून सगळी टोळी आली. मुकादम ओळीच्या टोकाला उभा राहून बघत होता. ते ट्रकभोवती उकिडवे बसून जेवले, आणि उर्बानो प्रत्येकाला वाढताना न विचारता कोणाला चरबी नको, कोणाला जास्त भात हवा, तसं वाढत होता. पोलीस गाडीतून सगळं बघत होता. शेवटी मावशीनं त्यालाही एक तोर्तिया गुंडाळून नेऊन दिली. त्यानं काच जरा खाली केली आणि घेतली.

संप त्यानं संपला नाही. पाच वर्षं चालला, त्यात पुष्कळ हाल झाले, ते सांगत बसले तर आजचा दिवस पुरणार नाही. पण छाटणीला मालकाला ती टोळी परत मिळाली नाही. तेओफिलो आमच्याकडे राहिला तो शेवटपर्यंत. माझ्या अंगणात त्यानं वांगी, शेंगा, पडवळ लावलं, माझ्या पोरांना पत्ते शिकवले आणि पत्त्यांत खोटं खेळायलाही शिकवलं. पोरं त्याला आजोबा म्हणायची. मालकांनी करारावर एकदाच्या सह्या केल्या तो दिवस त्यानं पाहिला. मळ्यात थंड पाणी आलं, बायकांना आडोशाची जागा आली, कामाला येणाऱ्या माणसाला नावानं हाक मारायची पद्धत आली.

कूका मावशी आणि उर्बानोनं त्याच्या आधीच लग्न केलं होतं. या वेळी कारकुनानं खिडकी लावली नाही. त्यानं नुसतं विचारलं, "वयं खरीच लिहिलीत का?"

कराराच्या आनंदात सभागृहात नाच ठेवला होता. फिलिपिनो म्हातारे तरुणपणी नाचात पटाईत, सगळ्यांनी इस्त्रीचे सूट काढलेले. उर्बानोनं मावशीला मधोमध ओढलं. ती हत्तीसारखी पावलं टाकत होती आणि लाजून लाल झाली होती. मी तिला तेवढं लाजताना कधी पाहिलं नव्हतं.

"पायांकडे बघू नकोस," तो म्हणाला. "माझ्याकडे बघ."

"तुमच्याकडे काय बघायचंय? रोज बघते."

"मग आज जरा नीट बघ."

तिनं बघितलं. पाऊल पुन्हा चुकलं, त्याच्या चकाकत्या बुटावरच पडलं. तो ओरडला, ती खदखदून हसली, आणि वाजवणाऱ्यांनी दुसरं गाणं धरलं.