शिकवणीचे दोन महिने

कॉलेजचं पत्र आधी वडिलांनी वाचलं, मग आईने, आणि जिच्या नावाने ते आलं होतं त्या थोरलीच्या हातात ते सगळ्यात शेवटी पडलं. तोवर त्याच्या कोपऱ्यावर आईचं लोण्याचं बोट उमटलेलं होतं. भाषा फार सभ्य होती. सभ्य भाषेत आलेलं पत्र वाईटच असतं, हे थोरलीला सतराव्या वर्षीच कळून चुकलं होतं.

'आपणास प्रवेश देऊ केला तेव्हा आपले गुण एक्क्याण्णव टक्के होते. शेवटच्या वर्षाच्या सहामाहीत ते त्रेसष्टवर आले आहेत. मुख्याध्यापकांच्या अहवालानुसार याच काळात आपण दोन महिने बाहेरगावी राहून विशेष शिकवणी घेतली. असे असूनही गुण का घसरले, याचा खुलासा शाळेच्या शिक्क्यासह दहा दिवसांत न आल्यास आपली जागा रद्द होईल.'

"विशेष शिकवणी," थोरली मोठ्याने म्हणाली. तिला हसू आलं, आणि हसता हसताच रडू फुटलं.

कारण शिकवणी नव्हतीच. ते दोन महिने थोरली याच घरात, स्वयंपाकघरामागच्या खोलीत पडून होती. मानेत गाठी आल्या, संध्याकाळचा ताप काही केल्या सोडेना, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी गाठीत सुई घालून नमुना तपासायला पाठवला आणि टीबी निघाला. "फुप्फुसात नाहीये, गाठींत आहे. हा कुणालाही लागत नाही," बाईंनी तीनतीनदा बजावलं. "गोळ्या सहा महिने घ्यायच्या, एकही चुकवायची नाही. ठणठणीत होईल."

पण आईचा धंदा खाण्याचा. ती घरी बन भाजायची. शाळेच्या कँटीनला रोज दीडशे, शिवाय दाराशी येणारं गिऱ्हाईक वेगळं. गाठीतला टीबी आणि फुप्फुसातला टीबी यांतला फरक एकेकाला समजावायचा म्हटलं तर दाराशी बाकडी टाकावी लागली असती, आणि व्याख्यान संपेपर्यंत बन शिळे झाले असते. "झाकली मूठ सव्वा लाखाची," आई म्हणाली, आणि मूठ झाकली गेली. थोरली मावशीच्या गावी शिकवणीला गेली, असं ठरलं. तिला खरंच तिकडे पाठवावं, तर दर आठवड्याला डॉक्टरीणबाईंना दाखवायचं होतं. शिवाय मावशीला सांगणं म्हणजे गावभर दवंडी पिटणं.

वडील पाण्याचे मीटर वाचायला दारोदार फिरायचे, त्यामुळे थापही दारोदार पोचली. शाळेच्या रजेच्या अर्जातही त्यांनी तेच लिहिलं. सात वर्षांच्या धाकटीने तर कहर केला. ताईचे मास्तर इतके कडक आहेत की जेवतानासुद्धा गणितं घालतात, असं तिने वर्गात ठोकून दिलं. हेडसर भला माणूस. एवढी कष्टाळू मुलगी आपल्या शाळेची, या अभिमानाने त्यांनी कॉलेजला आपणहून ते कळवून टाकलं. आता रागवायचं तरी कुणावर!

त्या मागच्या खोलीतून आधी मैद्याची पोती हलवली होती, पण भिंतीवर पांढरी पूड राहिलीच होती. खिडकी गल्लीत उघडायची, म्हणून ती बंद. दाराशी गिऱ्हाईक आलं की खोकायचं नाही, नळ सोडायचा नाही, खाट करकरू द्यायची नाही. गोळ्यांनी सकाळी मळमळायचं, आणि गिऱ्हाईकही नेमकं सकाळीच. एकदा गणिताच्या बाई बन घ्यायला आल्या. थोरली बादलीवर वाकलेली होती. पलीकडून बाईंचा आवाज आला, "काय म्हणतेय लेक?" आणि आई म्हणाली, "रात्रंदिवस पुस्तकात डोकं. खायची शुद्ध नाही हो तिला!" थोरलीने तोंडावर पंचा दाबून धरला आणि आवाज न करता ओकली. ओकणं आवाज न करता जमतं. फक्त डोळ्यांतून पाणी फार येतं.

परत वर्गात गेली तेव्हा गळ्याला रुमाल होता, सांधे दुखत होते, आणि पानावरची ओळ तिसऱ्यांदा वाचूनही डोक्यात शिरत नव्हती. सहामाहीचा निकाल लागला तेव्हा पोरं म्हणाली, "शिकवणीला गेली आणि होतं नव्हतं ते तिकडेच ठेवून आली." आणि ती काही बोलू शकली नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

पत्रावर घरात तीन दिवस खल झाला. वडिलांचा तोडगा सोपा होता. "लिही, की आळस केला, चूक झाली, पुन्हा होणार नाही. पोरं करतातच आळस. माफी मागितली की माणसं विरघळतात."

"आळशी मुलीसाठी कोण जागा राखून ठेवेल, बाबा? चाळीस जागा आहेत सगळ्या मिळून."

तिला गुरांची डॉक्टर व्हायचं होतं. लहानपणापासून दुसरं काही नाही.

"मग खरं लिहू या," थोरली म्हणाली.

"शिक्का कुणाचा लागतो?" आईने विचारलं. "शाळेचा. शाळेत बन कुणाचे जातात?"

"आई, तो लागत नाही कुणाला."

"मला माहितीये गं! मला कशाला सांगतेस? मी तुझ्या ताटात जेवले आहे." आईचा आवाज चढला आणि मग एकदम उतरला. "वर्षभर थांब. कॉलेज पळून जात नाही. गिऱ्हाईक एकदा गेलं की गेलं."

"पुढच्या वर्षी त्रेसष्ट टक्क्यांवर मला दारात तरी उभं करतील का?"

आपलेच दात नि आपलेच ओठ.

थोरलीने वडिलांच्या म्हणण्याप्रमाणे माफीचं पत्र लिहायला घेतलं. चार वेळा लिहिलं. 'मी अभ्यासाकडे दुर्लक्ष केले' इथपर्यंत पेन जायचं आणि थांबायचं. बादली शेजारी ठेवून तिने पुस्तक उघडलं होतं, रोज, आणि आता स्वतःच्या अक्षरात स्वतःला आळशी म्हणायचं! तिला आईचा राग यायचा, मग आईचे भाजून चट्टे पडलेले हात दिसायचे, आणि मग स्वतःच्या रागाचाच राग यायचा. घरातल्या कुठल्याही खोलीत गेलं तरी आता ती मागचीच खोली वाटत होती.

नवव्या दिवशी शाळेआधी ती एकटीच दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी एका दमात दाखला लिहून दिला. आजाराचं नाव, तारखा, आणि खाली ठळक अक्षरांत 'संसर्गजन्य नाही'. तो घेऊन ती मधल्या सुट्टीच्या थोडं आधी हेडसरांच्या खोलीत गेली.

हेडसरांनी दाखला वाचला. पुन्हा वाचला. चष्मा कपाळावर चढवला.

"म्हणजे शिकवणी?"

"नव्हती, सर."

"मी कॉलेजला माझ्या सहीने लिहिलं."

"हो, सर. चूक आमची आहे."

ते रागावतील असं तिला वाटलं होतं. ते रागावले नाहीत, आणि तेच जड गेलं. "एवढी आजारी होतीस पोरी, आणि मी तुला निकालाच्या दिवशी सगळ्यांसमोर बोललो," ते म्हणाले. मग बराच वेळ ते टेबलावरचा शिक्का नुसताच फिरवत बसले.

"सर, तो लागत नाही कुणाला. खाली लिहिलंय."

"मी खालपर्यंत वाचलं गं. पालक पहिल्या ओळीवरच थांबतात." त्यांनी शिक्का खाली ठेवला. "हे बघ, शिक्का मारला की कागदाची नोंद होते. नोंद झाली की शाळेच्या समितीपुढे जाते. समितीतल्या पाच जणांची पोरं तुझ्या आईचे बन खातात. मी एकटा त्यांच्यापुढे टिकायचा नाही." त्यांनी दाखला तिच्याकडे सरकवला. "हा मी पाहिलेला नाही. घरी ने. आईशी बोल. उद्या ये, तू म्हणशील तसं करू."

"उद्या शेवटचा दिवस आहे, सर."

"म्हणूनच म्हणतो, उद्या ये."

घंटा झाली. खिडकीतून कँटीन दिसत होतं. एका हातात बन आणि दुसऱ्यात कुणाची तरी वही घेऊन पोरं पळत होती. थोरलीला पक्कं ठाऊक होतं की घरी गेलं तर आई नाही म्हणेल, आणि आई नाही म्हणाली तर आपल्याच्याने पाऊल उचलणार नाही. विचारायला जायचं म्हणजेच जागा सोडायची. न विचारता करायचं म्हणजे आईच्या पोटावर पाय. तिसरा रस्ता तिने नऊ दिवस शोधला होता.

"मारा, सर," ती म्हणाली.

शाई वाळली होती. हेडसरांना शिक्का दोनदा दाबावा लागला. "उद्यापासून मग कँटीनला बन…" ते म्हणाले.

"मी सांगते घरी."

तिला वाटलं होतं, हे झालं की मोकळं वाटेल. कसलं मोकळं! शाळा सुटेपर्यंत तिने कुणाकडे मान वर करून पाहिलं नाही.

आईचा दिवस ठरलेला होता. दुपारी पीठ, संध्याकाळी भाजणं, सकाळी शाळेत पोचवणं. थोरली घरी पोचली तेव्हा आई परातीत हात घालून उभी होती.

"आई, उद्याचं पीठ कमी भिजव."

"किती कमी?"

"शाळेचं सगळं."

आईचे हात थांबले. तिला कळलं; ती मुळीच खुळी नव्हती. ओल्या फडक्याखाली दोन मोठ्या पराती फुगत होत्या. "ते मघाशीच भिजवून झालं," ती म्हणाली.

मग फडकं सारखं करत म्हणाली, "कागद गेला?"

"सरांनी माझ्यासमोर पाठवला."

"आणि जागा?"

"आठ दिवसांनी कळवतील."

"म्हणजे नाहीही म्हणतील."

"म्हणतीलही."

आईने कपाळावरची बट मनगटाने मागे सारली. कपाळाला पीठ लागलं. पीठ काही कुणासाठी थांबत नाही, म्हणून दोघी कामाला लागल्या. थोरलीने गोळे केले, आईने ते ट्रेमध्ये मांडले. दीडशे बन, जे उद्या कुणी नेणार नव्हतं. धाकटी दारात येऊन म्हणाली, "आज ताई का करतेय?" आणि आईने तिला बाहेर खेळायला पिटाळलं.

पहिला ट्रे आत गेल्यावर आई पाठमोरीच म्हणाली, "मला विचारलं असतंस तर मी नाही म्हणाले असते."

"माहीत होतं."

"म्हणून विचारलं नाहीस."

"हो."

"बरं केलंस," आई म्हणाली. तिने दुसरा ट्रे उचलला, ओव्हनच्या दारापर्यंत नेला आणि तिथेच हातात धरून उभी राहिली. "फार वाईट केलंस गं," ती म्हणाली, आणि ट्रे आत सरकवला.