धबधब्याला गप्प बसवताना

फ्रिजने घसा खाकरल्यासारखा आवाज केला आणि तो घुरघुरायला लागला. लगेच हा म्हणाला, "आणि मंडळी, फ्रिज मैदानात उतरलाय!"

"एक्केचाळीस सेकंद!" टायमर हातात धरून बसलेली भिंगरी ओरडली. "बाबा आउट!"

"अरे, काय हे!" त्याच्या बायकोने कपाळाला हात लावला. "मिनिटभरसुद्धा नाही? उद्या तासभर बसायचंय तुला."

"तू अशी रोखून बघत होतीस, मला वाटलं माइक बंद पडला."

गेले तीन दिवस स्वयंपाकघरातल्या टेबलावर हा सराव चालला होता. एका बाजूला तो. समोर ती, चौकशी अधिकारी म्हणून, चेहरा दगडासारखा करून. सहा वर्षांच्या लेकीला हा खेळच वाटत होता आणि बाबा सारखे हरत असल्यामुळे तो तिला फार आवडलाही होता.

वकिलाने एकच गोष्ट बजावली होती. नाव सांगायचं, पत्ता सांगायचा, पुढे तोंडाला कुलूप. दुसऱ्या कुणाला हे जमलं असतं. हा माणूस चौदा वर्षं रोज सकाळी तीन तास रेडिओवर खेळांबद्दल बोलत आला होता. तिथे तीन सेकंद शांतता म्हणजे अपघात. चौथ्या सेकंदाला वरच्या मजल्यावरून साहेब धावत खाली येतात. त्यामुळे स्टुडिओत कुणी शिंकलं तरी हा त्या शिंकेचं समालोचन करायचा. श्रोते लाडाने त्याला धबधबा म्हणायचे. लग्न ठरलं तेव्हा तीही याच गोष्टीवर भाळली होती. तिचं माहेर अबोल. वडील, म्हणजे अण्णा, दिवसाला वीसेक वाक्यं बोलायचे, त्यातली सहा मांजराशी. अशा घरातून आलेल्या मुलीला धबधब्याखाली उभं राहून कसं वाटलं असेल!

त्याची भाकितं तर श्रोत्यांच्या खास आवडीची, कारण ती हमखास चुकायची. लोक त्याच्या बरोब्बर उलट पैज लावून चार पैसे मिळवायचे. अख्ख्या शहरात त्या भाकितांवर मनापासून विश्वास ठेवणारा माणूस एकच होता, तो स्वतः. आणि तो त्यांवर पैसे लावत होता. आधी घरातले गेले, मग उसने गेले. मग एका सकाळी त्याने रेडिओवरून 'श्रोत्यांची गॅलरी' जाहीर केली. अंतिम सामना धबधब्याच्या शेजारी बसून बघा, जागेचे पैसे आगाऊ भरा. लोकांनी भरले. गॅलरी तेवढी कुठेच नव्हती.

आत्तापर्यंत तक्रार दोघांनीच केली होती. त्या दोघांचे पैसे तिने अण्णांकडून आणून परत केले होते. रेडिओने त्याला घरी बसवलं होतं, पण कारण बाहेर फुटलं नव्हतं.

"उद्या हा गप्प बसला तर संध्याकाळी घरी येईल," वकील म्हणाला होता. "बोलला तर तिथेच ठेवून घेतील. वहिनी, ह्याच्याविरुद्ध त्यांच्याकडे एकच पुरावा आहे, ह्याची जीभ."

"आणि बाकीचे लोक?"

"बाकीचे अजून तिकिटांची वाट बघतायत," वकील खुशीत म्हणाला होता.

तिने पुन्हा विचारलं नाही. तो प्रश्न मनात आला की ती कपाट आवरायला घ्यायची. तीन दिवसांत घरातली सगळी कपाटं लख्ख झाली होती.

दुसऱ्या दिवशी भिंगरीलाही सोबत न्यावं लागलं. एरवी शेजारच्या काकूंकडे ठेवता आलं असतं, पण काकांनी दोन जागा घेतल्या होत्या आणि काकू जिन्यात भेटल्या की "तिकिटं कधी गं येणार?" असं इतक्या मायेने विचारायच्या, की ती हल्ली त्यांच्या दारावरून चपला हातात घेऊन जायची.

चौकशीच्या खोलीला वरून अर्धी काच होती आणि खालून प्लायवूड. ती बाहेरच्या बाकावर बसली. भिंगरी जमिनीवर कागद पसरून चित्र काढायला लागली. काचेतून त्याची पाठमोरी मान दिसत होती, शेजारी वकील, समोर अधिकारीबाई. पन्नाशीच्या, अंगात स्वेटर, चेहरा नुकत्याच झोपेतून उठल्यासारखा.

नाव झालं. पत्ता झाला.

"गॅलरीचं काय झालं?" बाईंनी विचारलं, आणि चष्मा काढून तो पदराने पुसायला घेतला.

तो गप्प. बाईंनी एक काच पुसली. तो पाणी प्यायला. 'शाब्बास माझ्या राजा,' ती मनात म्हणाली. दुसरी काच झाली. बाईंनी चष्मा उजेडाकडे धरला, नीट बघितला आणि पहिली काच पुन्हा पुसायला घेतली.

त्याची मान ताठ झाली. ती मान ती ओळखत होती.

"तर मॅडम, गॅलरीची गंमत अशी झाली..."

वकिलाने त्याचा कोपर दाबला.

"आमचे वकीलसाहेब म्हणतायत, सावकाश घ्या," तो म्हणाला. "घेऊ या की. आपल्याला कुठे घाई आहे?"

चौदा वर्षांचा कमावलेला आवाज, प्लायवूड त्याला काय अडवणार? पलीकडच्या खोलीतली टाइपिंगची टकटक थांबली. चहा घेऊन चाललेला एक जण ट्रेसकट उभा राहिला. आणि धबधबा सांगत राहिला, दोघांचं नाही, सगळ्यांचं. बेकरीवाला, ज्याने बापाला पहिल्यांदा मैदान दाखवायचं ठरवलं होतं. एक परिचारिका, जिने सामन्याच्या दिवसाची रजा आत्ताच टाकून ठेवली होती. शेजारचे काका. एकेकाचं नाव, गाव, किती जागा. लोक फोनवर कसे हसले, तेही. वाचून दाखवल्यासारखं नाही, जिवलगांची ओळख करून द्यावी तसं.

"आणि मॅडम, पहिला श्रोता कोण, ओळखा! माझे सासरे. चार जागा. उभ्या आयुष्यात एक सामना बघितलेला नाही त्यांनी. म्हणाले, जावईबापू, तिला सांगू नका, नाहीतर उगीच खर्च म्हणून ओरडेल. मागच्या आठवड्यात ती पैसे मागायला गेली, तेव्हा पुन्हा त्यांनीच दिले. एका शब्दाने विचारलं नाही हो. मला कुणी ओरडलं तर चालतं. पण तो माणूस..."

तो स्वतःहून थांबला. शांतता इतकी लांबली, की बाईंनाच ती सोसेना.

"बोला," त्या म्हणाल्या.

बाहेर ती बाकाची कड घट्ट धरून बसली होती. अण्णांनी पाकीट हातात ठेवलं तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, 'जेवून जा.' आणि ती घाईत होती म्हणून जेवलीही नव्हती.

वकील कॉलर सैल करत बाहेर आला. "सकाळी दोन तक्रारी होत्या, वहिनी. आता एकशे बारा होतील. फोन नंबरसुद्धा तोंडपाठ दिले पठ्ठ्याने!"

"घरी...?"

"घरी कसला येतोय!"

मागोमाग शिपाई त्याला घेऊन आला. चेहरा तापलेला आणि कसा हलका झालेला, एखादा भाग रंगला की दिसायचा तसा. सवयीने त्याने तेच विचारलं, जे तो चौदा वर्षं रोज घरी आल्यावर विचारायचा.

"कसा झाला?"

तिला त्याला बदडून काढायचं होतं. तिने त्याची कॉलर नीट केली.

"छान झाला," ती म्हणाली. ते खरंच होतं, याचाच तिला जास्त संताप आला.

शिपाई त्याला आतल्या बाजूला घेऊन गेला. वळणापर्यंत तो शिपायाशी काहीतरी बोलत होता आणि शिपाई हसत होता. मग कॉरिडॉर रिकामा झाला.

भिंगरी उठून तिच्या गुडघ्यांना टेकून उभी राहिली. "आई, बाबा खरं बोलले ना?"

"हो."

"सगळं?"

"सगळं, बाळा."

भिंगरीने चित्राचा कागद गुंडाळला.

"मग तू त्यांना गप्प बसायला का शिकवत होतीस?"