खोलगट वडी

साबणाच्या कारखान्यात साचे घडवणारा तो माणूस घरी कधी खोटं बोललाच नव्हता असं काही नाही. बोलला होता, सगळेच बोलतात. भाजी कशी झालीय म्हणून बायकोने विचारलं की कुठला नवरा खरं सांगतो? पण ही जी थाप त्याने मारली ती त्याच्या चांगलीच अंगाशी आली, आणि तिची सुरुवात त्या बिचाऱ्याने केलीसुद्धा नव्हती. सुरुवात झाली तेलापासून.

साबण तेलाचा होतो. तेल जहाजाने बाहेरून येतं. त्याचा भाव कोण ठरवतं म्हणाल, तर ज्यांनी जन्मात तेलाच्या पिंपाला बोट लावलं नसेल अशी माणसं, कुठल्याशा बाजारात पडद्यासमोर बसून. त्यात आपलं चलन घसरलं. त्यात सरकारने बाहेरून येणाऱ्या तेलावरचा कर वाढवला, का तर म्हणे देशातल्या तेलवाल्यांना जरा उभारी मिळावी. मिळाली असेल बापडी! बातम्यांमध्ये एक कोटवाला हे सगळं इतक्या गोड आवाजात समजावून सांगायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, चला, कुणाचं तरी भलं चाललंय. आणि इकडे साबणाच्या कारखान्याच्या मालकीणबाई कपाळाला हात लावून बसल्या होत्या.

बाई स्वभावाने चांगल्या होत्या. नवऱ्याच्या मागे त्यांनी एकटीने कारखाना चालवला आणि आजवर कुणाला कामावरून काढलं नाही. त्यांनी साचेवाल्याला बोलावून घेतलं. कारखान्यात त्याला सगळे साचेवाला म्हणायचे, तर आपणही तेच म्हणू.

"भाव वाढवला तर गिऱ्हाईक उद्याच्या उद्या मोठ्या कंपनीचा साबण उचलेल," बाई म्हणाल्या. "नाही वाढवला तर माणसं कमी करावी लागतील. तुम्हीच सांगा, कुणाला घरी पाठवू? पॅकिंगवाल्या बायकांना?"

साचेवाला काय सांगणार, कपाळ?

"वडी दिसायला आहे तेवढीच दिसायला हवी," बाई म्हणाल्या, "पण साबण कमी लागायला हवा. बघा काही सुचतंय का."

आता साचा म्हणजे काय, तर पितळेचे दोन भाग. मध्ये साबणाचा तुकडा ठेवायचा, वरून दाब द्यायचा, वडी तयार. वरच्या भागात मान वळवून बघणारा एक पक्षी कोरलेला होता. तो साचेवाल्याच्या वडलांनी, अप्पांनी, ते त्याच कारखान्यात साचे घडवायचे तेव्हा कोरलेला. त्याला हात लावायची साचेवाल्याची छाती नव्हती. त्याने खालचा भाग तेवढा नवा घडवला आणि त्यात मधोमध हलकासा उंचवटा ठेवला. साच्यात उंचवटा आला की वडीला खालून खळगा पडतो. काम असं सफाईदार उतरलं की बाई वडी हातात फिरवून फिरवून बघत राहिल्या. कागदावरचं वजन बारीक अक्षरात बदललं, म्हणजे कायद्याने बोट ठेवायला जागा नको. आणि मोठ्या अक्षरात छापलं, 'आता नवी पकड, हातात नीट बसणारी!'

कारखान्यातल्या माणसांना दर महिन्याला घरच्यापुरत्या वड्या मिळायच्या. कोपरा उडालेल्या, कागद नसलेल्या, पण साबण तो साबणच. साचेवाल्याच्या बायकोने नवी वडी उलटी करून पाहिली.

"अहो, हे काय हो?"

बघा, इथे खरं सांगून मोकळं व्हायचं की नाही? पण नाही. साचेवाला म्हणाला, "पकड आहे ती. ओल्या हातातून वडी निसटू नये म्हणून. मीच केलीय."

"तुम्ही?"

बायको जी काही खुलली म्हणता! लग्न झाल्यापासून या माणसाच्या कामाबद्दल तिला चारचौघांत काही सांगता आलं नव्हतं. साचे घडवतो म्हटलं की लोक 'असं का' म्हणून विषय बदलत. आता तिने शेजारणीला सांगितलं, वरच्या मजल्यावरच्या बाईंना सांगितलं, दुकानात रांगेत उभ्या असलेल्या एका अनोळखी बाईच्या हातातली वडी उलटी करून दाखवली. "ही पकड बघा, आमच्या ह्यांनी केलीय." ते ऐकून साचेवाल्याला इतकं बरं वाटायचं की आपणच मारलेली थाप आहे हे तो निम्मा दिवस विसरून जायचा.

नवी वडी घरात आली त्याच दिवशी अप्पांनी बेसिनपाशी हात धुतले, वडी एकदा उलटी केली, अंगठा फिरवला. "छान बसते हातात," एवढंच म्हणाले आणि हात पुसत बाहेर गेले.

इथवर सगळं ठीक होतं. पण त्या पडद्यासमोरच्या मंडळींना कुठला दम निघतोय! चलन आणखी घसरलं. तेल आणखी चढलं. बाईंनी साचेवाल्याला पुन्हा बोलावलं आणि पुन्हा पॅकिंगवाल्या बायकांची आठवण काढली. साचेवाल्याने उंचवटा वाढवला. आधी वडीला चमच्याएवढा खळगा होता, आता चक्क वाटी झाली. त्या वाटीत पाणी साठायचं आणि वडी बसल्या जागी विरघळायची. महिना संपायच्या कितीतरी आधी घरातल्या वड्या संपल्या.

साचेवाल्याची बायको म्हणजे त्या घराची अर्थमंत्री. काय कधी संपायला हवं हे तिला तोंडपाठ. साबण मुदतीआधी संपला म्हणजे कुणीतरी उधळला, आणि उधळणारं घरात होतं कोण? नवरा सकाळी घाईघाईत दोन तांबे ओतून पळणारा. राहता राहिले अप्पा. सगळं खापर त्यांच्या डोक्यावर.

"अप्पा, साबण पाण्यात ठेवता तुम्ही. नुसता चिखल झालाय बघा."

"चुकलं हं."

"काल पण चुकलं, आज पण चुकलं! अंगाला लावता का खाता, देव जाणे."

अप्पा हसायचे. सुनेचं बोलणं त्यांना नवं नव्हतं. ती त्यांना दिवे चालू ठेवले म्हणून बोलायची, चष्मा भलतीकडे ठेवला म्हणून बोलायची, औषध घेतलं नाही म्हणून बोलायची आणि दुसऱ्यांदा घेतलं म्हणून तर फारच बोलायची. सासूबाई गेल्यापासून हे खातं तिच्याकडे आलं होतं आणि तिने ते जीव लावून सांभाळलं होतं. तोंडाने फटकळ, पण अप्पांना साधा खोकला झाला तरी हिचा जीव वरखाली.

साचेवाला मात्र हे सगळं जेवता जेवता ऐकायचा. स्वतःच्या हाताने पाडलेल्या खड्ड्यापायी म्हातारा बाप बोलणी खातोय आणि आपण खाली मान घालून गप्प! त्याची त्यालाच लाज वाटायची. उद्या सांगू, उद्या सांगू करायचा. आणि दुसऱ्या दिवशी बायको फोनवर कुणाला तरी पकडीचं कौतुक सांगत असायची, की झालं, हा पुन्हा मूग गिळून बसायचा.

शेवटी त्याने एक अर्धवट शहाणपणा केला. बायकोला बाजूला घेऊन म्हणाला, "अगं, अप्पांना नको बोलत जाऊस. म्हातारपणी मनाला लागतं."

"त्यांनी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला हवं? दिसतं की."

बायकोचा चेहराच पडला. तिच्या ध्यानीमनीही नव्हतं की अप्पांना लागत असेल. तिने कानाला खडा लावला. दुकानातून एक वेगळी वडी आणली, नव्या साबणदाणीत घालून अप्पांच्या खोलीत ठेवली. "ही तुमची अप्पा, हवी तशी वापरा." दिवा राहिला तर स्वतः उठून बंद करायची. चष्मा हरवला तर गुपचूप शोधून हातात द्यायची. आवाज चढवायची नाही. घर असं शांत झालं की साचेवाल्याला वाटलं, चला, सुटलो.

कसलं सुटलो! आठवडाभरात अप्पा जेवताना म्हणाले, "मी म्हणतो, जरा ताईकडे जाऊन राहावं."

ताई म्हणजे त्यांची मुलगी, साचेवाल्याची थोरली बहीण, दुसऱ्या शहरात राहणारी.

"किती दिवस?" साचेवाल्याने विचारलं.

"बघू," अप्पा म्हणाले.

सून काही बोलली नाही. पूर्वीची असती तर म्हणाली असती, 'आत्ता? भर उन्हाळ्यात? तिच्याकडे पंखा तरी धड आहे का?' आता नुसतीच उठली आणि त्यांच्या पानात वाढू लागली. अप्पांनी हात आडवा धरला.

सुट्टीच्या दिवशी सकाळी साचेवाला अप्पांच्या खोलीत डोकावला तर ते पलंगावर बॅग उघडून बसलेले. शर्ट भरले होते, औषधं भरली होती, आणि सगळ्यात वर ते आपला जाड स्वेटर दाबून दाबून बसवत होते. बाहेर ऊन रणरणत होतं. उन्हाळ्यात स्वेटर नेणारा माणूस हिवाळ्यापर्यंत परत येत नसतो. आपला बाप घर सोडून निघालाय, आणि तो आपल्यामुळे निघालाय, हे त्याला लख्ख कळलं. त्याला इतकं भरून आलं की दारातून आत पाऊल टाकवेना.

तो तसाच स्वयंपाकघरात गेला. बायको कांदा चिरत होती.

"अगं, साबण अप्पांनी नाही संपवला. मी संपवला."

"तुम्ही? तुम्ही तर धड आंघोळ करत नाही."

"घरी नाही. कारखान्यात. वडी मिळते तीच कमी. ती पकड वगैरे काही नाही, तेल महाग झालंय म्हणून साबण वाचवायला मी खालून खड्डा पाडलाय. दोनदा पाडला."

सुरी थांबली. बायको त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग एकेक आठवायला लागली. शेजारीण. वरच्या मजल्यावरच्या बाई. रांगेतली ती अनोळखी बाई.

"अहो, मी अख्ख्या गावाला सांगत फिरले हो! माझ्याच तोंडाने खड्ड्याचं कौतुक!" तिला रडावं का याच्या डोक्यात काहीतरी घालावं हेच कळेना. "सरळ भाव वाढवायला काय झालं होतं तुमच्या बाईंना?"

"तू आपला नेहमीचा चहा का बदललास?"

"बदलणार नाही तर काय! किती भाव वाढवला त्यांनी..." ती बोलता बोलता थांबली.

"तेच," साचेवाला म्हणाला. "बाईंनी वाढवला असता तर लोकांनी आमचा साबण सोडला असता. मग माझ्याबरोबरची निम्मी माणसं घरी. मीसुद्धा असतो त्यात, काय सांगावं."

कांद्याने का कशाने, तिचे डोळे वाहायला लागले होते. "साबणाचं राहू द्या," ती म्हणाली, "मी त्या देवमाणसाला काय काय बोलले! आणि तुम्ही ऐकत बसलात? वर मलाच सांगता, त्यांना लागतं म्हणून!"

"तुला सांगायची लाज वाटली गं. पहिल्यांदाच तू माझं असं कौतुक करत होतीस."

"वेडे आहात!" ती म्हणाली, आणि सुरी टाकून तरातरा अप्पांच्या खोलीत गेली. साचेवाला तिच्या मागोमाग.

तिला माफी मागायची होती, खरंच मागायची होती. पण बॅगेतला तो स्वेटर तिने पाहिला आणि तोंडातून भलतंच निघालं. "अप्पा! जन्मभर साचे घडवलेत, आणि हातातली वडी पोकळ आहे एवढं कळलं नाही तुम्हाला?"

अप्पांनी मान वर केली. "कळलं की. पहिल्याच दिवशी."

साचेवाला दारातच खिळला.

"मग बोलला का नाहीत? मी रोज तुमच्यावर आग पाखडत होते!"

"तू एवढी खुशीत होतीस नवऱ्यावर. म्हटलं, आपण कशाला मोडता घालायचा. मला काय, चुकलं म्हटलं की भागत होतं."

"पण तुम्हाला लागलं ना. लागलं म्हणूनच निघालात ना?"

"बोललीस ते?" अप्पा नवल वाटून तिच्याकडे बघायला लागले. "ते कशाला लागेल गं? तुझी सासू होती तेव्हा अशीच बोलायची. तू बोलायचीस तेव्हा मला वाटायचं, आपण घरातले आहोत. मग एकदम तू बोलायचीच थांबलीस. साबण वेगळा दिलास, दिवा स्वतः बंद करायला लागलीस. पाहुण्याशी वागावं तशी वागायला लागलीस. म्हटलं, आता आपलं इथलं दाणापाणी संपलं. कुणी जा म्हणायच्या आधी आपणच उठावं."

सून मटकन पलंगावर बसली. डोळे पुसावेत तर हाताला कांदा. शेवटी तिने बॅगेतला स्वेटर ओढून काढला, त्यालाच नाक पुसलं आणि भरल्या गळ्याने सुरू झाली.

"असा कोंबतात स्वेटर? सगळा आकार गेला त्याचा. आणि औषधं अशी उघडी? बूच नीट लावायला काय होतं? सकाळची गोळी घेतलीत का? नाहीच घेतली, तोंडावरूनच दिसतंय. निघाले म्हणे ताईकडे! मला विचारलंत? एका शब्दाने विचारलंत?"

"चुकलं हं," अप्पा म्हणाले.

"काल पण चुकलं, आज पण चुकलं!"

एकेक शर्ट ती बॅगेतून काढून मांडीवर झटकत होती आणि बोलत होती, बोलतच होती. साचेवाला हळूच आत येऊन बापाच्या शेजारी बसला. अप्पांनी त्याच्याकडे न बघता त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "मध्ये बोलू नकोस. बोलू दे तिला."