धाकटी कुठे गेली?

“बाई, ह्याची पानं गळालीत. दुसरी प्रत द्या,” असं म्हणत दोन वेण्यांवालीनं पुस्तक टेबलावर ठेवलं.

“दुसरीसुद्धा तशीच आहे,” तिच्या मागून चष्मिस म्हणाला. “मी दुसरीच नेली होती. तिच्यातही नाहीत.”

ग्रंथपालबाईंनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला. बालविभागात उभी हयात गेलेली. पुस्तकाचं दुखणं त्यांना नुसत्या हातानं कळायचं. कधी शिवण सुटलेली असे, कधी पानं उलटी लागलेली, कधी एखाद्या कलाप्रेमी वाचकानं चित्रंच कापून नेलेली. त्यांनी पानांचे आकडे पाहिले, पुस्तकाची पाठ चाचपली. सगळं जिथल्या तिथे होतं.

“पानं आहेत ग सगळी.”

“मग धाकटी कुठे गेली?”

“कोण धाकटी?”

“ह्या गोष्टीतली.” वेण्यांवालीनं पुस्तक फिरवून पान काढलं. “हे बघा. लढाई जवळ आलीय म्हणून सगळे गाव सोडून निघालेत. बाबा शिवणयंत्र उचलतात, आई कुलूप लावते, मुलगा डबा घेतो. धाकटी चपला शोधतेय. मग ते चालतात, पूल येतो, सैनिक येतात, नवीन गावात दुकान टाकतात, मुलगा मोठा होतो. धाकटी नाहीच कुठे! ती अजून चपलाच शोधतेय.”

“आणि आईनं तर कुलूप लावलंय,” चष्मिसानं आठवण करून दिली.

बाईंनी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. “उद्या बैठकीत बोला,” एवढंच म्हणाल्या, आणि परत आलेल्या पुस्तकांचा गठ्ठा पुढे ओढला. पण किती तरी वेळ त्या एकाच पुस्तकाचं मुखपृष्ठ पुसत बसल्या.

पुस्तक त्यांच्या दादांचं होतं, सख्ख्या थोरल्या भावाचं. मुलांसाठी इतिहास लिहिण्यात दादांनी आयुष्य घालवलं. किल्ले झाले, राजे झाले, गलबतं झाली, आणि अगदी शेवटी, डोळे गेल्यावर, त्यांनी स्वतःच्या लहानपणाची गोष्ट सांगितली होती. पुस्तकातला मुलगा म्हणजे दादा. पुस्तकातली धाकटी म्हणजे बाई. मुलांना यातलं काही ठाऊक नव्हतं. पांढऱ्या केसांची, गुडघे धरून उठणारी बाई कधी काळी चपला शोधत होती, हे त्यांच्या डोक्यात यायचं काही कारणही नव्हतं.

आणि हे पुस्तक बाईंनी स्वतः टाइप केलं होतं. एकदा दादा सांगत असताना, एकदा दुरुस्त्या झाल्यावर. मुद्रितंही त्यांनीच तपासली, एक अनुस्वार सुटू दिला नाही. पण आपण घराबाहेर पडलोच नाही, हे काही त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. इतकी वर्षं दादांचं मागेपुढे करण्यात गेली की आपण पुस्तकात आहोत की नाही, हे बघायची सवयच उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशीच्या बैठकीला नेहमीची मुलं आली. या बैठकीचा एक रिवाज होता आणि तो बाईंनीच घालून दिला होता. मुलं खुर्च्यांवर बसत आणि मोठी माणसं भिंतीला लागून मुलांच्या बुटक्या स्टुलांवर. पुस्तकांवर मुलांनी बोलायचं, मोठ्यांनी तोंडाला कुलूप घालायचं. उत्तर द्यायचं नाही, समजावायचं नाही, ‘अरे पण’ असं म्हणायचं नाही. लेखकाला तर प्रवेशच नव्हता. हा नियम केला तेव्हा बाई तरुण होत्या. बुटक्या स्टुलाचं त्यांच्या गुडघ्यांना काही वाटत नव्हतं.

त्यांच्या शेजारच्या स्टुलावर प्रकाशकांचा माणूस बसला होता. दादांच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघायची होती आणि मुलांचं मत ऐकायला त्याला पाठवलं होतं. तो बसल्या बसल्या पेंगायला लागला.

आधी इतर पुस्तकांचा समाचार झाला. किल्ल्यावरच्या पुस्तकात सनावळ्या इतक्या, की गोष्ट कुठे सुरू होते तेच सापडत नाही, असं एक जण म्हणाला. “सगळे राजे नुसते शूर,” दुसरीनं तक्रार केली. “एकाला तरी सर्दी व्हावी की नाही?” तिसऱ्याला गलबताचं पुस्तक आवडलं, कारण त्यात स्वयंपाक्याला बोट लागते. मग दादांचं पुस्तक निघालं.

“हे राजांच्या आधी झालं की नंतर?” एका बारक्यानं विचारलं.

“नंतर. फार जुनं नाही. त्यातली माणसं अजून जिवंतसुद्धा असतील,” वेण्यांवाली म्हणाली.

“मग तो इतिहास कसा?”

यावर जरा भांडण झालं आणि मिटलं. पूल सगळ्यांना आवडला होता. पुलावर सैनिक येणाऱ्याजाणाऱ्यांची हत्यारं, यंत्रं, लोखंडी चीजवस्तू काढून घेत होते. बाबांचं शिवणयंत्र गेलं. पण बॉबिन, सुया आणि कात्रीचा पत्र्याचा डबा मुलानं सदऱ्याखाली पोटाशी धरून पार केला, आणि त्या डब्यावर बाबांनी नव्या गावात, भाड्याच्या यंत्रावर, पुन्हा संसार उभा केला. बारका म्हणाला, की तेवढं पान त्यानं आजोबांनाही वाचून दाखवलं.

“मला ते खोटं वाटलं,” चष्मिस म्हणाला.

“का?”

“सैनिक मुलाची पिशवी बघतात, खिसे उलटे करतात, आणि पोटावर एवढा डबा दिसत नाही? आंधळे होते का?”

मुलं हसली. वेण्यांवाली हसली नाही. ती पुस्तक मांडीवर घेऊन विचार करत होती.

“धाकटीच्या फ्रॉकखाली मावला असता,” ती म्हणाली. “लहान मुलींचं पोट पुढेच असतं. माझ्या बहिणीचं आहे. तिला कुणी तपासलंही नसतं. मला वाटतं, डबा धाकटीकडेच होता.”

“मग तसं लिहिलं का नाही?”

“मग मुलगा शूर कसा होणार?”

“लेखक विसरला असेल,” बारका म्हणाला. “म्हातारा असेल.”

“बहिणीला कुणी विसरतं का?”

“मी तर रोज प्रयत्न करतो,” मागून कुणीतरी म्हणालं, आणि पुन्हा हशा झाला.

बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. डबा कुणाकडे होता हे त्यांना माहीत होतं. ते त्या कधी विसरल्या नव्हत्या. दादांनी तो प्रसंग सांगितला तेव्हा टाइप करणारी त्यांची बोटं क्षणभर थांबली होती. मग त्यांना वाटलं, गोष्टीत असं चालतं, एकाच मुलाच्या मागे जावं लागतं. त्यांनी पुढचं वाक्य विचारलं होतं. आपल्याच हातांनी आपला डबा देऊन टाकला आणि वर शुद्धलेखनही तपासलं, असं आता त्यांना वाटलं, आणि फार राग येण्याऐवजी फार थकवा आला.

“बाई, तुम्ही सांगा ना,” वेण्यांवालीनं मान वळवली. “लेखक असं करतात का? आणि धाकटीचं काय झालं असेल?”

“बाईंनी बोलायचं नाही!” सगळी मुलं एकदम ओरडली. “नियम आहे!”

बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मुलं गेल्यावर प्रकाशकांचा माणूस पुरता जागा झाला. धाकटीचं तेवढं त्याच्या कानांवर पडलं होतं. “चांगलं झालं, दुसऱ्या आवृत्तीच्या आधी कळलं,” तो म्हणाला. “दादांना सांगा, एक ओळ टाका. धाकटी आजीकडे राहिली. नाहीतर वाटेत तापानं गेली म्हणा. मुलं रडतील, रडवणारी पुस्तकं लक्षात राहतात. सोमवारपर्यंत कळवा म्हणजे झालं.”

“तापानं?” बाईंनी विचारलं.

“किंवा आजीकडे. तुमच्या सोयीनं.”

घरी जाताना बाई वाटेतल्या बाकांवर दोनदा बसल्या. वर्षानुवर्षं मुलांची मतं घरी पोहोचवायचं काम त्यांनी केलं होतं, पण गाळून. ‘कंटाळा आला’चं ‘थोडं लांबलंय’ व्हायचं, ‘अर्ध्यावर सोडलं’चं ‘सावकाश वाचतायत’ व्हायचं. दादांना तेवढ्यावर पुढचं पुस्तक सुचायचं. आता पुढचं पुस्तक नव्हतं. पाय गेले, डोळे गेले, वहिनी तर कधीच गेली. दादांकडे उरला होता तो एक पूल. खरं सांगितलं तर तो पूल त्यांच्याकडून काढून घ्यायचा. नाही सांगितलं, तर आपण कुलूप लावलेल्या घरात. आणि सोमवारी कुणीतरी आपल्याला तापानं मारणार.

दादा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते, दाराकडे कान लावून.

“आलीस का चिमे? काय म्हणाली पोरं?”

“पाणी तरी पिऊ दे.”

“पी. पूल आवडला का?”

“पूल आवडला.” बाई पाणी प्यायल्या, भांडं ठेवलं आणि समोरच्या खुर्चीत बसल्या. चपला पायांतच राहिल्या. “पुस्तकं परत आणली, दादा. म्हणतात, पानं गळालीत.”

“बाइंडर गाढव आहे.”

“पानं आहेत. धाकटी नाहीये. चपला शोधायला गेली ती गेलीच. तू तिला घराबाहेर काढलंच नाहीस.”

दादांनी मान तिरकी केली. ते आतल्या आत पुस्तक चाळत असावेत. “नाही कसं? पुलावर... नाही. दुकानात... अरेच्चा.” ते हसले. “तूही नाही बघितलंस? दोनदा टाइप केलंस की!”

“मीही नाही बघितलं.”

“मग घालू कुठेतरी. त्यात काय.”

“डबाही त्यांना पटला नाही. एवढ्या मुलाच्या पोटावर लपत नाही म्हणतात.”

“म्हणतात! पोरांना काय कळतंय? तिथे होती का ती?” दादांचा आवाज चढला. “मी होतो. त्या डब्याची कड पोटात रुतत होती, मला अजून आठवतेय.”

“कड मला रुतली होती, दादा.”

बाईंना वाटलं, इथेच थांबावं, चहा टाकावा. पण शब्द सुटले होते, आणि मागे घ्यायला अंगात त्राण नव्हतं.

“आईनं फ्रॉकखाली बांधला होता, तिच्या जुन्या ओढणीनं. पलीकडे गेल्यावर मी तुला दाखवलं. रक्त आलं होतं. तू थुंकी लावलीस आणि म्हणालास, बाबांना सांगू नकोस, ते आधीच मशीनसाठी रडतायत.”

“थुंकी,” दादा म्हणाले.

“हो.”

दादांची सुरकुतलेली बोटं खुर्चीच्या हातावर काहीतरी शोधत होती. मी काय करून बसले, असं बाईंच्या मनात आलं. या वयाच्या माणसाला खरंखोटं करायची काय गरज होती, आणखी किती दिवस तो पूल त्याला पुरायचा होता?

“तुझी चप्पल,” दादा अचानक म्हणाले. “एकच होती. दुसरी सापडली नाही. आई ओरडत होती, बाबा म्हणाले, राहू दे, चला.”

“हो.”

“तू लंगडत होतीस. एका पायानं उंच, एका पायानं बुटकी. रस्ता तापला होता.”

“हो, दादा.”

“रडत नव्हतीस. डबा वाजेल म्हणून हुंदकासुद्धा...” त्यांनी नाक ओढलं. मग एखाद्या मुलानं विचारावं तसं विचारलं, “मग मी काय नेलं होतं ग?”

“मला,” बाई म्हणाल्या. “डोंगरापासून पुलापर्यंत पाठुंगळी, आणि पुलावर हाताला धरून. बाबांचे हात मशीनला गुंतलेले, आईचे गाठोड्याला. मला तूच नेलंस.”

बाहेर कुणीतरी मुलाला खेळातून घरी बोलवत होतं. मग दादा सरळ होऊन बसले आणि खाकरले. मजकूर सांगायच्या आधी ते नेहमी तसे खाकरत.

“बस टाइपरायटरपाशी. लिहून घे. सगळा पूल नव्यानं.”

बाईंनी कोपऱ्यातल्या टेबलाकडे पाहिलं. आजवर दादांनी ‘लिहून घे’ म्हटलं आणि त्या उठल्या नाहीत असं झालं नव्हतं; ताप असला तरी उठल्या होत्या, दूध उतू जात असलं तरी उठल्या होत्या.

“उद्या,” त्या म्हणाल्या. “आज मी दमलेय.”

“बरं,” दादा म्हणाले. “उद्या. दमली असशील.”

बाईंनी बसल्या बसल्या चपला काढल्या. एक खुर्चीखाली गेली, एक कुठेतरी लांब जाऊन पडली. त्यांनी डोळे मिटून मान मागे टाकली. दादा आवाजाचा अंदाज घेत वाकले, काठीनं फरशी चाचपत लांबची चप्पल ओढून आणली, मग खुर्चीखालची काढली, आणि दोन्ही हातांनी चाचपून त्या शेजारी शेजारी ठेवल्या.

“दोन्ही आहेत,” ते म्हणाले.