भाजीच्या टेंपोमागून परत आलेली व्हॅन

नवऱ्याने सकाळी नऊला घर सोडलं आणि साडेअकराला तो भाजीच्या टेंपोमागे दोरीने बांधलेल्या व्हॅनमधून परत आला.

ताई तेव्हा गॅरेजच्या दारात एका मोटारसायकलची चेन बसवत होती. अख्खी गल्ली तिला ताईच म्हणायची. बापाचं गॅरेज ती वीस वर्षं चालवत होती. नवरा दुकानांच्या पाट्या रंगवायचा, म्हणून त्याला सगळे पेंटर म्हणत. तीही म्हणे. एकोणीस वर्षांच्या संसारात मूलबाळ झालं नाही, मोठी भांडणंही झाली नाहीत. चार दिवसांपूर्वी जेवून उठताना त्याने सांगितलं, की तो जातोय. लांबच्या शहरात, एका जुन्या मित्राच्या कारखान्यात. कायमचा.

"कोणी आहे का?" तिने विचारलं होतं.

"कोणी नाही. पण इथं तरी मी कोणाला हवा आहे?"

ती "बरं" म्हणाली आणि ताटं विसळायला लागली.

टेंपोवाला दोरी सोडता सोडता म्हणाला, "ताई, साहेब निघाले होते कुठं? अख्खं बिऱ्हाडच भरलंय मागे!" कोणीच हसलं नाही, तेव्हा त्याने दोरी गुंडाळली आणि चालता झाला.

"टेंपरेचरचा काटा एकदम लालमध्ये गेला," पेंटर म्हणाला. "मागून पांढरा धूर."

ताईने ऑइलचं झाकण उघडून बोट फिरवलं. बोटाला दुधाळ चिकटा लागला.

"हेड गॅस्केट उडालंय. पाणी ऑइलमध्ये उतरलंय."

"किती दिवस लागतील?"

"तीन."

"दुसरीकडे नेऊ का?"

"एवढ्या जुन्या इंजिनाला कोण हात लावणार? राहू दे."

आपल्याला राग यायला हवा होता, निदान हसू तरी, असं तिला वाटलं. दाढ काढण्याआधी इंजेक्शन दिलं, की आपण गालाला हात लावून बघतो. गाल असतो, पण आपला नसतो. तसंच काहीसं होतं. तिने इंजिन निवायला ठेवलं आणि मोटारसायकलची चेन बसवून पुरी केली.

दुपारी तिने पाणी काढलं, बॅटरी सोडली, वरचे पाइप आणि टायमिंगचा पट्टा उतरवला. हेडचे, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाचे, दहा बोल्ट बाहेरून आत, थोडे थोडे करत ढिले केले. हेड उचललं तेव्हा कारण समोर दिसलं. हेडखालच्या गॅस्केटची दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधली पट्टी जळून गेली होती. हेडवर पोलादी पट्टी आडवी ठेवून तिने डोळा लावला, तर मधोमध उजेड दिसत होता. हेड वाकलं होतं.

पेंटर त्या रात्री बाहेरच्या खोलीत झोपला. त्याचं सगळं सामान खोक्यांत आणि खोकी व्हॅनमध्ये. त्यामुळे सकाळी दात घासायला त्याला गॅरेजात यावं लागलं. इंजिनाशेजारी उभा राहून तो ब्रश शोधत होता आणि ती ब्लॉकवरचं जुनं गॅस्केट खरवडत होती. दोघांनी एकमेकांना वाट दिली.

कोपऱ्यातल्या गादीवर तिचे बाबा बसलेले असत. हात थरथरायला लागल्यापासून त्यांनी पाना सोडला होता, पण गॅरेज सोडलं नव्हतं. पेंटर तोंड धुवायला गेला तसं त्यांनी तिला खुणेने जवळ बोलावलं.

"पार्ट मिळत नाही म्हण. आठवडाभर लटकव. माणसाचं डोकं थंड होतं तेवढ्यात."

"बाबा, नवं गॅस्केट कपाटात पडलंय."

"ते मला माहितेय. त्याला कुठं माहितेय?"

ती पुन्हा खरवडायला लागली.

वाकलेलं हेड सपाट करून घ्यायला लेथवाल्याकडे न्यायचं होतं. ते जड, म्हणून एक बाजू पेंटरने धरली. पोत्यात गुंडाळलेलं हेड दोघांच्या मध्ये झोळीसारखं धरून ते बाजाराच्या रस्त्याने निघाले. दोघांनी पावलं जुळवली नाहीत तर पोतं पायावर आदळत होतं, म्हणून जुळवली. लेथवाल्याने हेड मशीनवर चढवलं आणि संध्याकाळी या म्हणाला.

परतल्यावर ताईने रेडिएटर उतरवून त्यात पाण्याची नळी घातली. पाणी आत जोरात जात होतं, खालून मात्र करंगळीएवढी धार. अर्ध्याहून जास्त नळ्या क्षारांनी बुजलेल्या.

"हे आजचं नाही," ती म्हणाली. "वर्षभराचं तरी आहे."

"काटा वर जातो, असं मी सांगितलं होतं तुला."

"कधी?"

"उन्हाळ्यात. मग पावसाळ्यात दोनदा."

"मी काय म्हणाले?"

"बघते म्हणालीस."

तिला आठवलं. तिन्ही वेळा तिचे हात दुसऱ्याच कोणाच्या गाडीत होते, आणि तिन्ही वेळा तिने मान वर केली नव्हती. तो रागाने बोलत नव्हता. एखाद्या पाटीवर किती अक्षरं आहेत ते सांगावं, तसं सांगत होता.

"बघायला हवं होतं," ती म्हणाली.

"हो."

ताईने रेडिएटर साफ करायचं औषध भरून बाजूला ठेवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सपाट करून आणलेलं हेड टेबलावर चकाकत होतं, आणि कपाटात गॅस्केट नव्हतं. तिने दोनदा बघितलं. मग बाबांकडे बघितलं. बाबा वर्तमानपत्रात डोकं घालून बसले होते.

"बाबा."

"काय?"

"सरळ ठेवलंय ना? वाकलं तर वाया जाईल."

"मला शिकवतेस?" बाबा उसळले. "फळीवर सपाट ठेवलंय, वरून दुसरी फळी—" आणि तिथंच थांबले. मग निमूटपणे गादीवरून उठले. गादीखालून दोन फळ्या काढल्या. मध्ये कागदात गुंडाळलेलं गॅस्केट, एक घडी नाही की एक ओरखडा नाही. पेंटर दारात उभा राहून सगळं बघत होता. त्याने तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलताना तिला दिसले. हसत होता की काय, कळलं नाही.

दुपारपर्यंत काम झालं. बोल्ट मधून बाहेर, तीन फेऱ्यांत, ठरावीक जोर लागला की वाजणाऱ्या टॉर्क पान्याने. शेवटच्या फेरीला पाना खट् वाजला, की पेंटर मोठ्याने आकडा मोजायचा. दहाव्या आकड्यानंतर दोघं उगीचच थांबले. मग टायमिंगच्या खुणा जुळवल्या, वाल्वचं अंतर बसवलं, नवं ऑइल आणि पाणी भरलं. चौथ्या सेल्फला इंजिन सुरू झालं. धूर नाही. काटा मध्यावर येऊन राहिला. व्हॅन तासभर फिरवून आणली, तरी राहिला.

चार वाजता पेंटर निघाला. बाबांनी गादीवरूनच सांगितलं, "जावईबापू, घाटात सावकाश."

ती व्हॅनच्या खिडकीशी उभी राहिली. "पाचशे किलोमीटर झाले, की हेडचे बोल्ट पुन्हा आवळून घे."

"इथं येऊन?"

"कुठंही. कोणीही मिस्त्री करेल."

त्याने मान हलवली आणि गियर टाकला. व्हॅन वळणापलीकडे गेल्यावर तिला कळलं, की त्याने काय विचारलं होतं. ती रस्त्याच्या मधोमध उभी होती. मागून आलेल्या सायकलवाल्याने घंटी वाजवली, तेव्हा बाजूला झाली.

तो परत आला नाही. महिन्याभराने फोनवर म्हणाला, बोल्ट आवळून घेतले, इथला मिस्त्री काम बघून खूश झाला. ती "बरं" म्हणाली.

मग असेच चारपाच महिने गेले. एकदा टपाल कचेरीच्या रांगेत, पुढे सात माणसं असताना, काहीच कारण नसताना तिला रडू कोसळलं. थांबेचना. पुढच्या बाईला वाटलं, घरात कोणीतरी गेलं असावं. तिने हाताला धरून ताईला पुढे केलं, मग तिच्या पुढच्यांनीही वाट दिली. ताईने डोळे पुसत खिडकीशी जाऊन पार्सल घेतलं, सही केली आणि सगळ्यांचे आभार मानून ती गॅरेजवर परत गेली.